चाळीस नंबरचा शर्ट

सोहारच्या जुन्या बाजारामागे माझं इस्त्रीचं दुकान.
गुरुवारी रात्री नऊनंतर शटर अर्धं खाली,
आणि त्याखालून वाकून आत येतात ती पोरं :
ताइझचा वदीअ, देर एझ-झोरचा कुतैबा,
ओमदुरमानची तस्नीम,
इथल्याच खजुराच्या बागांमागे राहणारी झुवैना,
आणि सगळ्यात शेवटी, गाडीला जागा शोधून दमलेला हिलाल.
हाही इथलाच. तीन वर्षं बेकार.

मी मूळचा म्हसळ्याचा. माझी अरबी कपड्यांपुरती :
बाही, कॉलर, डाग, उद्या.
तरी कोण कोणाला काय विचारतंय ते कळतं.
एकजण साहेब होतो, चादरींच्या गठ्ठ्यावर बसतो.
दुसरा समोर उभा.
"मधली चार वर्षं काय केलंत?"
इथे सगळेच अडतात.
वदीअ म्हणाला, युद्ध होतं.
साहेब झालेली झुवैना म्हणाली, ते त्यांना ठाऊक आहे.
पाण्याच्या रांगेत कूपनं कोण वाटायचं? वही कोणाकडे असायची?
माझ्याकडे.
मग ते सांग की.

हिलालच्या वर्षांत बॉम्ब नव्हते.
नुसती वाट बघणं होतं. तो फरशीकडे बघत राहिला.
तस्नीम म्हणाली, आम्हाला मुलाखतींना कोण नेतं?
बरका, लिवा, एकदा तर थेट मस्कत,
कधी पाच मिनिटं उशीर केलास?
लिही : वाहतूक, तीन वर्षं.
सगळे हसले. हिलालने खरंच लिहिलं.

आमच्याकडे याला भिशी म्हटलं असतं.
पैशांची नव्हे, ते कोणाकडेच नाहीत.
नियम एकच : ज्याला लागली त्याने पुढच्या गुरुवारी यायचं,
आणि हात हलवत यायचं नाही.

भिशीचं भांडवल म्हणजे एक पांढरा शर्ट, नंबर चाळीस.
वदीअला खांद्यात सैल, कुतैबाला दंडात घट्ट.
कॉलर विरली तेव्हा मी उसवून उलटी लावली.
वहीत नावाच्या रकान्यात लिहिलं, "सगळे".

मार्चमध्ये वदीअला बंदरावर नोकरी लागली
आणि तो शर्टासकट गेला.
एक गुरुवार. दोन. चौथ्याला कोणी त्याचं नाव काढेना.
आणि रविवारी कुतैबाची मुलाखत.

आता जे सांगतो ते बावीस वर्षांत एकदाच केलं.
नायरसाहेबांचा शर्ट दांडीवर होता, मंगळवारी न्यायचा.
मी तो काढला आणि कुतैबाला दिला.
संध्याकाळी तो परतला, खिशापाशी हात धरून.
नोकरी लागली नव्हती.
शाई लागली होती.

रात्रभर लिंबू, मीठ, दूध.
डाग गेला; म्हणजे मला दिसत नाही एवढा गेला.
मंगळवारी नायरसाहेबांनी पैसे दिले
आणि मी सुट्टे मोजताना दोनदा चुकलो.

पाचव्या गुरुवारी शटर कोणीतरी बाहेरून वर केलं.
वदीअ. रात्रपाळी होती म्हणाला, फोन विकला होता.
शर्ट स्वतः धुतलेला, गादीखाली घडी मोडलेला,
असला की माझ्या हाताखालच्या पोराला मी हाकललं असतं.
खिशात कागद : गोदामात दोन जागा, एक माणसाचं नाव,
"सकाळी सातच्या आत भेटा."
कुतैबाने कागद घेतला. बोलला नाही काही.
वदीअला बसायला गठ्ठा मात्र त्यानेच सरकवला.

वदीअच्या मागे एक नवीन पोरगा उभा होता,
हुदैदाचा, अठरा-एकोणीसचा, काडीसारखा.
दुसरी जागा त्याच्यासाठी.
शर्ट त्याच्या अंगात, की तो शर्टात, कळेना.
मी टाचण्या काढल्या,
पाठीवर कापड मुठीत धरून सात ठिकाणी टोचलं.
समोरून अगदी मापाचा.

हिलालला म्हटलं, याला तुझ्या भाषेत नीट सांग :
साहेबासमोर पाठ फिरवायची नाही.
उठायचं, सलाम करायचा,
आणि उलट्या पावली दारापर्यंत यायचं.

पोरगा लगेच सराव करायला लागला,
मागे मागे, मागे मागे,
इस्त्रीच्या टेबलाला धडकेपर्यंत.